चीड वृक्ष आणि टर्पेंटाईनची बाटली

भीमजयंती जवळ आली की मैंदर्गीत आम्ही विहाराची दारे-खिडक्या रंगवायला घेतो. ऑइलपेंट पातळ करायला टर्पेंटाईन लागते. ते मूळचे हिमालयातल्या चीड वृक्षाचे. त्याची पाने सुईसारखी, ३-३च्या जुडीत. खोडाला खाच पाडली की चीक गळतो. तो तापवला की वाफेतून टर्पेंटाईन निघते, मागे राळ उरते. राळ साबणाला, कागदाला, डाख लावायला उपयोगी. लाकडाची खोकी होतात. आता दुकानात बहुधा खनिज तेलापासूनचे टर्पेंटाईन मिळते. दोन्ही विषारीच! म्हणून उरलेले टर्पेंटाईन थंड पेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका. लेकराने चुकून प्यायलेच तर उलटी करवू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. जयभीम!