जादूचे सामर्थ्य आणि प्रेमाचे मोल

भुताखेतांची गोष्ट म्हटली की अंगावर काटा उभा राहावा, अशीच आपली अपेक्षा असते. परंतु १९४० व १९५० च्या दशकांत हॉलिवूडच्या काही बोलपटांनी भुतांना आणि चेटकिणींना प्रेमात पाडून प्रेक्षकांना मनमुराद हसविले. हे चित्रपट म्हणजे निव्वळ पोरखेळ, असे पुष्कळ सुज्ञ मंडळी म्हणतात. मला ते मान्य नाही. ज्याच्या हाती सामर्थ्य आहे, त्याने ते आपल्या आवडत्या माणसावर चालवावे काय, असा गंभीर प्रश्न हे चित्रपट हसत हसत विचारतात.

रेने क्लेअर यांचा १९४२ सालचा ‘आय मॅरिड अ विच’ पाहा. जिवंत जाळलेली चेटकीण शतकांनंतर परत येते, ती सूड घेण्यासाठी. जाळणाऱ्याच्या वंशजाला वश करावे म्हणून ती प्रेमाचे औषध सिद्ध करते. पण ते चुकून तिच्याच पोटात जाते आणि तीच त्याच्या प्रेमात पडते! पुढे मंत्रबळाने ती त्याला निवडणुकीत एकमताने निवडून आणते. प्रतिस्पर्धीसुद्धा त्यालाच मत देतो. आपण पोट धरून हसतो. पण ज्या मतात नकाराची मोकळीक नाही, ते मत कसले? आणि तशी प्रीती तरी कसली?

१९५८ सालच्या ‘बेल, बुक अँड कँडल’मध्ये किम नोव्हाक हिने न्यूयॉर्कमधील एका चेटकिणीची भूमिका केली आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रकाशकाला ती मंत्राने आपलासा करते. मात्र चेटकिणीला रडता येत नाही, असा तेथील संकेत. ती खरोखर प्रेम करू लागते, तेव्हा तिची विद्या जाते आणि डोळ्यांत पाणी येते. प्रसंग हृद्य आहे. तरीही माझी एक तक्रार आहे. प्रेमासाठी आपले सामर्थ्य गमवायचे, ते नेहमी स्त्रीनेच काय म्हणून?

या तक्रारीचे उत्तर मला १९४७ सालच्या ‘द घोस्ट अँड मिसेस म्युअर’मध्ये सापडले. समुद्रकाठच्या घरात एका मृत कप्तानाचे भूत वावरत असते. तेथे राहावयास आलेल्या विधवेला तो आपली जीवनकथा सांगून लिहवून घेतो, आणि त्या पुस्तकाच्या उत्पन्नावर ती स्वाभिमानाने जगू लागते. पण जिवंत माणसाने जिवंत माणसांतच रमावे, हे ओळखून तो स्वतःच बाजूला होतो. जाताना, आपण केवळ स्वप्न होतो, असे तो तिच्या झोपेत तिला सांगून जातो. तिला धाकात ठेवणे त्याला अशक्य नव्हते. तिला मोकळे सोडण्यातच त्याचे मोठेपण दिसते.

विद्यार्थिमित्रांनो, मंत्रतंत्र कोणापाशीच नसतात. पण सामर्थ्य असते. मोठ्या भावाचे धाकट्यावर असते, आईबापांचे मुलांवर असते आणि आम्हां शिक्षकांचे तुमच्यावर असते. माझ्या धाकाने वर्ग चिडीचूप होतो, हे मी रोज पाहतो. त्या शांततेलाच तुमचा आदर समजण्याची चूक मीही केली आहे. धाकाने आज्ञापालन मिळते. जिव्हाळा मात्र समोरच्याने आपण होऊन द्यावा लागतो. या चित्रपटांनी मला एवढे शिकविले, म्हणून मी त्यांना पोरखेळ म्हणणार नाही.