स्वायत्तता कोणाच्या बापाची?

दोस्तांनो, ‘स्वायत्तता’ हा शब्द कानाला गोड लागतो. आपला कारभार आपण करायचा, बाहेरच्याची लुडबूड नको. इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेटवर ‘स्वायत्त संस्था’ असा बोर्ड चढतो, पेढे वाटले जातात, आपली पोरंही टाळ्या पिटतात. मला एवढंच विचारायचं आहे : यातले ‘आपण’ म्हणजे कोण?

गाव स्वायत्त नव्हतं काय? पाटील होता, कुलकर्णी होता, बलुतेदार होते. वरचं राज्य बदललं तरी गावाचा कायदा बदलत नव्हता. आणि आपला आजा-पणजा येसकरकी करत गावकुसाबाहेर उभा होता. जी पंचायत त्याचा निवाडा करायची, त्या पंचायतीत त्याला बूड टेकायला जागा नव्हती. म्हणून तर ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवाचा फुगा फोडला आणि घटनेचा पाया खेडं नाही, माणूस आहे हे ठणकावलं. आत जागा नसेल तर स्वायत्तता म्हणजे आतल्या दादाला मोकळं रान. हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

आता जिल्ह्याकडं या. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. त्याच वर्षी शेगावचं श्री संत गजानन महाराज कॉलेज निघालं, त्याच वर्षी अमरावती विद्यापीठ झालं. पुढं चिखली, मलकापूर, बुलढाणा इथंही कॉलेजं आली. कॉलेज जवळ आलं हे चांगलंच झालं. मोताळ्या-नांदुऱ्याच्या मजुराची पोरगी एस.टी.चा पास काढून इंजिनिअर होऊ शकली. ते मी नाकारत नाही.

पण कॉलेज जवळ आलं म्हणून सत्ता जवळ आली नाही. राज्यभर चित्र एकच. कॉलेज संस्थेचं, संस्था अध्यक्षाची, अध्यक्षपद घराण्याचं. पाटीलकी कायद्यानं गेली आणि शिक्षणसम्राटकी कायद्यानंच आली.

या कॉलेजांत आपल्याला जे मिळालं ते कोणत्या संचालक मंडळानं ठराव करून दिलं? एकानंही नाही. पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती १९४४ ची, तेव्हा बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कौन्सिलात होते. देणग्या उकळण्यावर बंदी आली ती १९८७ च्या कायद्यानं. २००५ साली इनामदार खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की विनाअनुदानित कॉलेजांवर सरकारला आपलं आरक्षण लादता येणार नाही. तेव्हा संसदेला घटनेत कलम १५(५) घालावं लागलं आणि २००६ साली महाराष्ट्राला कायदा करावा लागला. त्यातून अनुसूचित जाती १३, जमाती ७, भटके-विमुक्त मिळून ११, ओबीसी १९ टक्के अशा जागा आल्या. अल्पसंख्याक दर्जाची कॉलेजं त्यातूनही सुटली. म्हणजे आपला प्रत्येक हक्क भिंतीच्या बाहेरून आत आला. आतून एकही आला नाही.

आणि आता सांगतात, बाहेरचा हात काढून घ्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं पंधरा वर्षांत विद्यापीठ-संलग्नतेची पद्धतच मोडीत काढायचं ठरवलंय. तेव्हा हा बोर्ड आज ना उद्या सगळीकडं लागणार. बोर्ड लागला की अभ्यासक्रम कॉलेजचा, पेपर कॉलेजचा, तपासणार कॉलेज, निकाल लावणार कॉलेज. विद्यापीठ डिग्रीच्या कागदापुरतं. आणि हे सगळं ज्या नियामक मंडळाच्या हाती, त्यात कोण बसतं? संस्थेची माणसं, अध्यक्ष संस्थेचाच. शिक्षक दोन, तेही निवडून आलेले नाहीत, नेमलेले. विद्यार्थी? नाही. अनुसूचित जाती-जमातीची राखीव खुर्ची? नाही. याला स्वयंशासन म्हणायचं तर गावगाड्यालाही लोकशाही म्हणा.

मी अशाच एका कॉलेजात मेकॅनिकल केलं. शिष्यवृत्ती सरकारकडं अडायची आणि हॉल तिकीट आमचं अडायचं. खिडकीवरचा बाबू सगळ्यांसमोर विचारायचा, “काबे, तुमचं सरकार पैसे कधी धाडते?” वर्षभराचे इंटर्नल मार्क त्याच भिंतीआडून यायचे. तोंडी परीक्षेला बाहेरचा मास्तर यायचा, त्याला आमची जात ठाऊक नसायची, तेवढाच आधार. तो बाहेरचा मास्तरही उद्या नसेल तर दाद कोणाकडं मागायची? ज्यानं नापास केलं त्याच्याच कमिटीकडं?

म्हणून काय जुन्या विद्यापीठाची आरती करायची? अजिबात नाही. बुलढाण्याहून अमरावती जवळपास दोनशे किलोमीटर. एका मार्कशीटच्या दुरुस्तीसाठी बापाची मजुरी बुडवून पोरानं तिथं खेटे घालायचे, हाही काही न्याय नाही. मी स्वायत्ततेच्या विरोधात नाही. मी बिनवाट्याच्या स्वायत्ततेच्या विरोधात आहे.

१९२७ साली मुंबई कौन्सिलात विद्यापीठाच्या बिलावर बोलताना बाबासाहेबांनी सिनेटमध्ये मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न उभा केला होता. महाडच्या सत्याग्रहाचंच ते वर्ष. एका हातानं तळ्याचं पाणी, दुसऱ्या हातानं सिनेटची खुर्ची. आपण मात्र अजून अ‍ॅडमिशन आणि स्कॉलरशिप एवढ्यावरच भांडतोय. खुर्ची मागायची राहूनच गेली.

कायद्यातली खुर्चीसुद्धा रिकामी ठेवतात. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात कॉलेज विकास समितीवर विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव घ्यायचे आहेत, निवडून आलेले शिक्षक घ्यायचे आहेत. परिषदेच्या थेट निवडणुकीची तरतूदही त्याच कायद्यात आहे. २०१९ साली निवडणुका जाहीर झाल्या आणि पुढं ढकलल्या गेल्या. निवडणूक नाही म्हणजे निवडून आलेला माणूस नाही. मग विद्यार्थी कसला, प्राचार्यांच्या मर्जीतला एखादा पोरगा आणून बसवायचा.

तर मागणी काय? एक, स्वायत्त कॉलेजच्या नियामक मंडळात आणि विद्वत परिषदेत अनुसूचित जाती-जमातींचे शिक्षक आणि निवडून आलेले विद्यार्थी पायजेत, शोभेला नाही, मतासकट. दोन, पेपर फेरतपासणी कॉलेजबाहेर. तीन, इंटर्नल मार्क परीक्षेआधी बोर्डावर. चार, शिष्यवृत्तीच्या नावानं हॉल तिकीट किंवा टी.सी. अडवली तर कॉलेजची स्वायत्तता काढा. पाच, शिक्षकभरतीचा रोस्टर आणि मंडळाच्या बैठकांचं इतिवृत्त सगळ्यांना खुलं.

आणि उद्यापासूनचं काम? माहिती अधिकाराचा अर्ज लिहा. ‘आम्ही खासगी’ म्हणून कॉलेज हात वर करील. विद्यापीठ खासगी नाही, अर्ज तिथं टाका. नियामक मंडळावर विद्यापीठाचा आणि सरकारचा माणूस असतो. तो किती बैठकांना आला आणि तोंड उघडून काय बोलला, हे विचारा. आपल्या तालुक्यातल्या कॉलेजच्या विकास समितीची यादी काढा आणि त्यातली आडनावं मोजा. मोजलं की कळतं.

चवदार तळं गावाचंच होतं, फक्त आपल्याला बंद होतं. कॉलेजची सत्ताही तशीच आहे. ती कोणी ओंजळीत आणून घालणार नाही.

जय भीम.