कुत्र्याचे जुने जुलाब: स्टेरॉइडची घाई नको

तुमच्या कुत्र्याला ३ आठवड्यांहून जास्त दिवस जुलाब होत असतील, वजन घटत असेल, तर ते नुसते ‘पोट बिघडणे’ नाही. आतड्याच्या अस्तरातील रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन या रसायनांद्वारे एकमेकींना धोक्याचे निरोप देतात. हे निरोप थांबले नाहीत, तर सूज कायम राहते. आतड्यातील लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग, याची लक्षणेही अशीच असतात. स्टेरॉइडने दोन्हींत तात्पुरता आराम पडतो, पण नंतर बायोप्सीत कर्करोग ओळखणे अवघड जाते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: आधी विष्ठेची तपासणी, आहारबदल, सोनोग्राफी, गरजेनुसार बायोप्सी, मगच स्टेरॉइड. नांदेड-लातूरकरांनो, उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. चालू असलेले स्टेरॉइड मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका.