स्वस्त तिकिटाचं विमान धोक्याचं असतं का?

तिकीट स्वस्त, मग विमानाच्या देखभालीतही काटछाट असणार, अशी शंका अनेकांना येते. पण देखभालीचे नियम डीजीसीए ठरवते आणि ते सगळ्या विमान कंपन्यांना सारखेच असतात. २००६ पासून उडणाऱ्या इंडिगोच्या एकाही विमानाला जीवघेणा अपघात झालेला नाही.

घोळ होतो तो वेळापत्रकात. एकच विमान दिवसभर खेपा मारतं, त्यामुळे सकाळचा उशीर रात्रीपर्यंत पुरतो. वैमानिकही मोजकेच. दमलेल्या वैमानिकाच्या हाती विमान नको, म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये रात्रीच्या लँडिंगची मर्यादा आठवड्याला ६ वरून २ वर आली. इंडिगोची तयारी अपुरी पडली, डिसेंबरमध्ये हजारो उड्डाणं रद्द झाली. मग डीजीसीएने याच नियमातून इंडिगोला तात्पुरती सूट दिली. स्वस्त तिकिटापेक्षा ही सूट जास्त काळजीची. वैमानिकांच्या संघटनेनेही तिला विरोध केला होता.