पहिलीचा आठवडा आणि आपली चळवळ



औसा तालुक्यातल्या एका वस्तीत मार्च महिन्यात एका कार्यकर्त्याच्या घरी बसलो होतो. विषय होता परदेश शिष्यवृत्तीचा. उत्पन्नाची अट, बार्टीची फेलोशिप, निवेदन कोणी द्यायचे, उपोषणाला कोण बसणार. बाजूला त्याची पहिलीतली पुतणी वही घेऊन बसली होती. पानभर 'कमळ' लिहिलेले, अक्षर वळणदार. मी त्यातल्या 'म'वर बोट ठेवून विचारले, हे काय? ती म्हणाली, 'कमळ'. 'ळ'वर बोट ठेवले, तरी 'कमळ'. चित्र उतरवावे तसा तिने फळ्यावरचा शब्द उतरवला होता. तो तिला वाचता येत नव्हता. मी वही मिटली आणि आम्ही पुन्हा परदेश शिष्यवृत्तीकडे वळलो.

त्या वळण्याबद्दल मला बोलायचे आहे.

आपल्या चळवळीची शिक्षणाची मागणी दहावीनंतर सुरू होते. वसतिगृह, स्कॉलरशिप, फेलोशिप, विद्यापीठ. हे सगळे हवेच, त्यात शंका नाही. विद्यापीठाच्या नावासाठी या मराठवाड्याने १९७८ ते १९९४ काय सोसले ते आपल्याला कोणी सांगायला नको. पण फेलोशिपपर्यंत जो पोहोचतो तो आधी पहिलीतून वाचायला शिकून निघालेला असतो. जो तिथेच राहिला त्याच्यासाठी आपण कधी निवेदन दिले? मी वीस वर्षे चळवळीत आहे. तहसीलवर किती मोर्चे नेले ते मोजलेले नाहीत, पण पहिलीच्या वर्गासाठी एकही नेला नाही हे न मोजताही सांगता येते.

लातूर इथून अर्ध्या तासावर आहे. तिथला 'लातूर पॅटर्न' महाराष्ट्रभर गाजला, दहावी-बारावी-नीटची पोरे दूरदूरच्या जिल्ह्यांतून तिथे खोल्या घेऊन राहतात. हा पॅटर्न ज्या महाविद्यालयात घडला त्याला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. पण शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायदा केला तो प्राथमिक शिक्षणाचा. मोफत आणि सक्तीचे, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सरळ सगळ्यांच्या शाळेत बसवली. आपण नाव शेंड्याला लावले आणि मूळ विसरलो.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी तरी मराठवाड्यात काय काढले? १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. म्हणजे कॉलेजच. बरोबर आहे. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाचे दार आपल्यासाठी बंदच होते, ते त्यांना उघडायचे होते. पण प्राथमिक शाळा ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती सरकारच्या मानेवर बसून करून घ्यायची असते, हे त्यांनी आधीच दाखवले होते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर ते बोलले. त्यानंतर आठ दिवसांनी त्यांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या भाषणात त्यांनी हिशेब मांडला तो पहिली ते चौथीचा. शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोहोचतात आणि बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, असे ते म्हणाले. सरकार दारूच्या उत्पन्नातून माणशी दोन रुपयांहून जास्त मिळवते आणि शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते, हेही त्यांनी सुनावले. शाळेच्या दारातून आत गेलेले मूल जन्मभर साक्षर राहील एवढे शिकूनच बाहेर पडले पाहिजे, ही त्यांची प्राथमिक शिक्षणाची व्याख्या होती.

आपण २० मार्च दरवर्षी साजरा करतो. १२ मार्च कोणाच्या कॅलेंडरवर नाही.

आज ती ब्याऐंशी पोरे शाळेतून गळत नाहीत. आठवीपर्यंत पटावर असतात, खिचडी खातात, वरच्या वर्गात जातात. निरक्षर व्हायला आता शाळा सोडावी लागत नाही, एवढाच फरक.

आता हिशेब करू. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. (घटनेच्या कलम ४५ ने यासाठी दहा वर्षांची मुदत दिली होती, ती १९६० लाच संपली होती.) पहिली ते पाचवीसाठी या कायद्यात वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत. म्हणजे दिवसाला चार तास. आठवड्याचे सहा दिवस धरले तर सगळे वर्ष तेहतीस आठवड्यांचे. साठपर्यंत पटाच्या शाळेला दोन शिक्षक, म्हणजे चार वर्ग दोघांत. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, एकाच बाईंसमोर. पहिलीच्या वाट्याला चारातले दोन तास आले. त्यातून ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराची नोंद, केंद्रावरची बैठक वजा करा. जे उरते तो आपल्या लेकराचा पहिलीचा आठवडा.

मी शिक्षकांवर राग काढणार नाही. अशा वर्गात मी स्वतः दोन सोमवार बसलो आहे. बाई एका हाताने दुसरीच्या वह्या तपासत होत्या आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर फोटो चढवत होत्या. शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावू नये असे कायद्याचे कलम २७ सांगते, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांना त्यात सूट आहे, म्हणून बीएलओचे काम कायदेशीरच ठरते. निदान पहिलीच्या शिक्षकाला बीएलओ करू नका, एवढी मागणी तालुक्यापुरती आपण करू शकतो. आजवर केली नाही.

पहिलीच्या सुरुवातीचे बारा आठवडे 'विद्याप्रवेश'चे असतात. खेळ, गाणी, चित्रे, बियांचे वर्गीकरण, मातीकाम. त्याला 'नुसता खेळ' म्हणून नाक मुरडू नका. शहरातले पोर नर्सरी, ज्युनिअर, सिनिअर करून तीन वर्षे पुढे आलेले असते. आपल्या पोराला निदान तीन महिने मिळतात. पण १५ जूनला शाळा सुरू झाली तर हे बारा आठवडे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतात. अक्षरे तिथून पुढे. आणि दसरा-दिवाळीला मुकादमाची गाडी दारात उभी राहते.

ज्यांच्या घरी कोयता आहे त्यांच्या पोरांच्या हाती अक्षरांचे सहा-सात आठवडे पडतात. उचल घेतलेली असते, आईबाप जातात, सांभाळायला आजी नसेल तर पोरही जाते. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले तर ते थांबते. टोळी निघून गेल्यावर सुरू झाले तर ते कागदावर राहते. उन्हाळ्याच्या तोंडावर पोर परत येते, तोवर वर्ग जोडाक्षरांवर गेलेला असतो. मग ते शेवटच्या ओळीत बसून 'कमळ' उतरवते. उलट बाजूने, आपल्याच तालुक्यात बेलकुंडच्या साखर कारखान्याला बाहेरच्या टोळ्या येतात, त्यांची पोरे कोपीत असतात. वर्षाच्या मध्यात, टी.सी. नसली तरी शाळेने त्यांना प्रवेश नाकारायचा नाही असे कायदा सांगतो. त्या कोपीवर आपले कोण गेले?

भाषेचे दुखणे वेगळेच आहे. आमच्याकडे पोर म्हणते, 'पानी पिऊलालाव'. वर्गात हसू होते. मग सांगितले जाते, 'नीट बोल, पाणी पितो आहे म्हण.' सहा वर्षांच्या लेकराला एका वाक्यात दोन गोष्टी कळतात: तुझी आई चुकीचे बोलते, आणि इथे तोंड उघडलेले बरे नाही. 'न' आणि 'ण' यांच्यामधून या महाराष्ट्रात जात ओळखली गेली आहे, हे ज्याने ऐकले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. आज गोणपाट नाही. पण जे पोर बोलायचेच बंद झाले तेही वेगळेच बसलेले असते. हा लेख मी प्रमाण भाषेत लिहितो आहे आणि ती मला शाळेनेच दिली, त्याचे ऋण आहे. पण ती आधी माझी बोली हिसकावून न देताही देता आली असती. मुलाच्या मातृभाषेतून शिकवा, असे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे. आपल्या वस्तीची मातृभाषा 'पिऊलालाव' आहे.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला आणि गदारोळानंतर २९ जूनला मागे घेतला गेला. अडीच महिने सगळा महाराष्ट्र पहिलीच्या वर्गावर बोलत होता. तिसरी भाषा हवी की नको यावर. पहिली भाषा येते का, हे कोणी विचारले नाही.

आणि तो एक रुपया. सावित्रीमाईंच्या नावाने १९९२ पासून पहिली ते चौथीतल्या आपल्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू झाला, हजेरीच्या दिवसाला एक रुपया. तीस वर्षे उलटली तरी तो रुपयाच राहिला. आज रुपयात पेन्सिलही येत नाही. यावर मोर्चा निघायला हवा होता की नको?

मग करायचे काय? शाळा व्यवस्थापन समिती हे कायद्याने दिलेले हत्यार आहे. पंचाहत्तर टक्के सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा असतो. प्रत्यक्षात नावे गावात एका ओट्यावर ठरतात आणि आपल्या बायांकडून सह्या किंवा अंगठे घेतले जातात. आपण ग्रामपंचायतीच्या एका जागेसाठी रात्री जागवतो आणि ही निवड कधी झाली ते आपल्याला कळतही नाही.

समितीच्या बैठकीत विचारायला एकच प्रश्न पुरे. पहिलीच्या शेवटी मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचे अनोळखी वाक्य वाचावे आणि ९९ पर्यंतचे अंक वाचावेत-लिहावेत, हे सरकारच्याच 'निपुण भारत'चे लक्ष्य आहे. तर आपल्या शाळेतली कोणती मुले आज ते वाचतात आणि कोणती नाहीत? टक्केवारी नको, नावे सांगा. आणि जी वाचत नाहीत त्यांच्यासाठी पुढच्या सोमवारपासून काय वेगळे होणार? हाच प्रश्न महिन्याने पुन्हा विचारायचा.

आमच्या वस्तीत आता शनिवारी दुपारी विहारात आठ-दहा पोरे जमतात. दोन कॉलेजची मुले गोष्ट वाचतात, पोरे आपल्या बोलीत ती परत सांगतात, खडे मांडून अक्षरे करतात. ही शाळेची जागा घेणारी गोष्ट नाही आणि ती घेऊही नये, नाहीतर सरकार मोकळे होईल. पण कोणाला काय येत नाही ते यातून आपल्याला कळते, आणि बैठकीत नाव घेऊन बोलता येते. ती पुतणीही येते. 'म' ओळखते, 'ळ'वर अजून अडते.

तिच्या आईचे नाव या वेळी आम्ही समितीसाठी सुचवले आहे. गावातल्या दोघांनी विचारले, तिला मीटिंगमध्ये काय कळणार? मी तिला तो प्रश्न कागदावर लिहून दिला. तिने तो हातात धरून पाहिला आणि परत दिला. म्हणाली, 'भाऊ, मला वाचता येत नाही. तुमी तोंडी सांगा, म्या पाठ करते.'