एमसीबी बदलू नका, आधी स्क्रू पाहा



गेल्या अंकातील पत्रलेखकाने गीझर लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पडणाऱ्या १६ अँपिअरच्या एमसीबीच्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी बसवण्याचा उपाय सुचवला आहे. कृपया कोणीही तसे करू नये. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरला ३२ अँपिअर झेपत नाहीत. ती भिंतीत तापत राहील आणि एमसीबी गप्प बसेल.

मुळात २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर नऊ अँपिअरही घेत नाही. मग १६चा एमसीबी पडतो का? बहुतेक वेळा टर्मिनलचा स्क्रू सैल असतो. तिथे ०.२ ओहम रोध आला तरी सुमारे १५ वॅट उष्णता त्या एका टोकावर साठते. ती आतल्या द्विधातू पट्टीपर्यंत पोचते आणि एमसीबी क्षमतेआधीच पडतो. पण पट्टी तेवढी तापली नाही, तर तो पडतही नाही, कारण सैल जोडाने प्रवाह वाढत नाही. मला याचीच भीती जास्त वाटते.

आमच्या घरी वास आला, तेव्हा मेन स्विच बंद करून वायरमनने वायर ओढली. ती सहज हातात आली! टोक काळे, वरचे आवरण कडक आणि तपकिरी. त्याने चांगले तांबे लागेपर्यंत वायर कापली, नवे टोक सोलले आणि भाजलेला एमसीबीही बदलला, पण १६चाच. नुसता स्क्रू आवळून भागत नाही. करपलेला पृष्ठभाग पुन्हा तापतो.

मेन बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूला वीज असतेच, म्हणून हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

– एक वाचक, सातारा