श्वानशिक्षण की स्वामिशिक्षण?

मनुष्य आणि कुत्रा यांची मैत्री फार जुनी आहे. सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्यास नकार देणारा धर्मराज आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, या दोन कथा ऐकतच आपण लहानाचे मोठे होतो. पण कथा ऐकणे निराळे आणि कुत्रा पाळणे निराळे. अलीकडे आपल्या गोव्यात लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जातींचे कुत्रे बाळगण्याची हौस बरीच दिसते. हौस असण्यात गैर काही नाही. परंतु 'हे कुत्रे जात्याच गुणी, त्यांना वेगळे काही शिकवावे लागत नाही' अशी जी समजूत रूढ झाली आहे, ती मला घातक वाटते. माझे मत असे की, रिट्रीव्हर घरी आणण्यापूर्वी शिक्षण घ्यावयाचे ते प्रथम धन्याने. आणि ज्या घरात सकाळ-सायंकाळ त्याच्यासाठी राखून ठेवलेला वेळ नाही, त्या घराने हा कुत्रा आणूच नये.

या मताचे कारण या जातींच्या पूर्वेतिहासातच आहे. रिट्रीव्हर म्हणजे शोधून परत आणून देणारा. बंदुकीने टिपलेला पक्षी तळ्यात किंवा झुडपात पडला की तो हुडकावा, दात न लावता अलगद तोंडात धरावा आणि धन्याच्या हाती आणून द्यावा, हे त्याचे काम. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांजवळ असत. तेथील बर्फासारख्या पाण्यात पोहून ते जाळी आणि दोर ओढण्यास हातभार लावत. एकोणिसाव्या शतकात ते जहाजांतून इंग्लंडला पोचले आणि १९०३ साली तेथील केनेल क्लबने त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. गोल्डनची हकीकत स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील आहे. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ या नावाने ओळखल्या गेलेल्या एका जमीनदाराने इन्व्हर्नेस परगण्यातील आपल्या जहागिरीत १८६८ साली एक पिवळा रिट्रीव्हर आणि पाण्यात काम करणाऱ्या स्पॅनियल जातीची कुत्री यांची पिल्ले वाढवली; त्यांतून ही जात पुढे आली. सारांश, गार हवा, मोकळे रान, भरपूर पाणी आणि दिवसभर अंगमेहनत यांसाठीच हे शरीर आणि हा स्वभाव माणसाने पिढ्यान्‌पिढ्या घडवला आहे.

आता अशा प्राण्यास आपण ओसरीच्या खांबाला साखळीने बांधतो, दोन वेळा जेवू घालतो आणि पाहुणे आले म्हणजे कौतुकाने पुढे आणतो. काम नसलेला हा कामकरी मग स्वतःच काम शोधू लागतो. चपला कुरतडतो, कुंड्या उकरतो, आल्यागेल्याच्या अंगावर झेप घेतो, नाहीतर दिवसभर भुंकत राहतो. 'कुत्रा वांड निघाला' असे आपण म्हणतो. वस्तुतः तो वांड नसून बेकार असतो! त्यातच लॅब्राडॉरची भूक दांडगी. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिले की, सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरांत भुकेवर ताबा ठेवणाऱ्या एका जनुकाचा काही भाग गळालेला असतो. म्हणजे तो केविलवाण्या डोळ्यांनी ताटाकडे पाहतो तेव्हा उपाशी असतोच असे नाही. आपण प्रेमाने घास टाकत जातो, तो लठ्ठ होत जातो आणि मागच्या पायांच्या खुब्यांवर त्या वजनाचा भार पडतो. या जातींत खुब्याचा दोष आनुवंशिक असल्यामुळे तर हे प्रेम फारच महाग पडते.

कुत्र्यास बांधून ठेवणे ही ज्याच्या त्याच्या घरची बाब आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपला कायदा वाचावा. नृत्यविशारद आणि राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० साली प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा झाला. सतत साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हा त्या कायद्याने धन्याचा अपराध ठरवला आहे. मारणे आणि उपाशी ठेवणे यांच्याच पंक्तीला त्याने ही उपेक्षा बसवली, हे मला फार योग्य वाटते.

निगा राखण्याविषयीही आपले अज्ञान थोडेथोडके नाही. रिट्रीव्हरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा पाणी झटकून टाकणारा आणि आतला लोकरीसारखा मऊ. उन्हाळा आला की काही लोक दया येऊन त्याचे सर्वांग भादरून टाकतात. त्याने त्याला गारवा तर मिळत नाहीच, उलट कातडी उन्हात उघडी पडते आणि गेलेले केस पुष्कळदा पूर्वीसारखे येत नाहीत. खरा उपाय म्हणजे ब्रशाने नियमित केस विंचरून आतले गळालेले केस काढणे, ताजे पाणी आणि सावली देणे, आणि चालायला नेणे ते उजाडताना किंवा ऊन उतरल्यावर. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताचा पंजा काही क्षण टेकवून पाहावा. आपल्याला चटका सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनी तो का सोसावा? आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विशेष जपावे लागते. त्याचे कान लोंबते असल्यामुळे आत ओल राहते आणि कान पिकतात. म्हणून भिजून आल्यावर ते कोरडे करावेत. बोटांच्या बेचक्यांत आणि कानांमागे गोचीड आहेत का ते रोज पाहावे. जंतांचे औषध आणि रेबीजची लस यांत चालढकल नको. द्राक्षे, मनुका, कांदा आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला विषासमान आहेत, हे ज्या घरात सणावारी गोडधोड होते, तेथे सर्वांनीच लक्षात ठेवावे.

आता शिक्षणाकडे वळू. 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे' ही म्हण आपण सहज वापरतो. शेपटाविषयी ती खरी असेल. कुत्र्याविषयी मात्र नाही. मार्च १९९३ मध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले, त्या काळात मुंबई पोलिसांच्या पथकातील 'झंजीर' नावाच्या लॅब्राडॉरने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स आणि शेकडो स्फोटक वस्तू हुडकून काढल्या. किती माणसे त्यामुळे वाचली असतील, याचा हिशेब कोण करणार? २००० साली तो मरण पावला, तेव्हा त्याला पोलिसांनी सन्मानाने निरोप दिला. नाक त्याला निसर्गाने दिले होते; परंतु त्या नाकाचा उपयोग पुण्यातील प्रशिक्षण केंद्रातल्या रोजच्या शिकवणीने झाला.

घरच्या कुत्र्याला एवढे शिकवावयाचे नसते, पण शिकवण्याची तत्त्वे तीच. पहिले तत्त्व असे की, शाबासकी किंवा खाऊ त्या क्षणीच मिळाला पाहिजे. दोन मिनिटांनी दिलेली शाबासकी कशाबद्दल, हे कुत्र्याला कळत नाही. आणि संध्याकाळी घरी येऊन सकाळच्या खोडीबद्दल केलेली शिक्षा तर त्याला केवळ अन्यायच वाटत असणार. दुसरे, पाठ लहान असावा. पिल्लाला एका वेळी पाच-सात मिनिटे पुरेत. तिसरे, बोलावून कधीही रागावू नये. 'ये' म्हटल्यावर आलेल्याला मार बसला, तर पुढच्या वेळी तो का येईल? चौथे, त्याने चप्पल पळवली तर मागे धावू नये. तो त्याला खेळ समजतो. दुसरी आवडीची वस्तू पुढे धरावी, म्हणजे तो तोंडातली सोडतो आणि आणून देण्याचा आपला जातिधर्म आनंदाने पाळतो.

पाचवे तत्त्व शब्दांचे. एका गोष्टीला घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा. पुष्कळ घरांत आपसात मराठी किंवा कोंकणी बोलतात, पण कुत्र्याशी मात्र इंग्रजीत. जणू त्याने विलायतेत मॅट्रिक केले आहे! त्याला भाषा नव्हे, ध्वनी कळतो. आमच्या कोंकणी घरात 'यो' आणि 'राव', मराठी घरात 'ये' आणि 'थांब', यांनी काम उत्तम भागते. मात्र आजोबांनी 'यो' म्हणायचे, आईने 'ये' आणि मुलाने 'कम' म्हणायचे, असे झाले की त्या बिचाऱ्याने कोणाचे ऐकावे? आज्ञा मोडण्याचा दोष मग त्याच्या माथी येतो आणि मूळ बेशिस्त आपली असते.

यावर कोणी म्हणेल, 'आम्ही त्याला पंख्याखाली निजवतो, उत्तम खाऊ घालतो, आणखी काय हवे?' त्याला हवा आहे आपला वेळ. आणि नेमका तोच देताना आपण चिकटपणा करतो. दुसरा आक्षेप असा की, 'मग सामान्य माणसाने कुत्रा पाळूच नये काय?' अवश्य पाळावा. आपल्या दारचा गावठी कुत्रा या हवेत मुरलेला असतो, त्याची निगा सोपी, आणि वर सांगितलेल्या रीतीने तोही चटकन शिकतो. ज्यांना रिट्रीव्हरच हवा, त्यांनी पिल्लाचे आईबाप पाहावेत, त्यांचे खुबे तपासले आहेत का ते विचारावे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नये. ते विकण्यास २०१७ च्या नियमांनी मनाईच आहे.

शेवटी एक गोष्ट खास तुम्हा मुलांसाठी. हा कुत्रा साधारण दहा-बारा वर्षे जगतो. तुम्ही आठवीत असताना आणलेले पिल्लू म्हातारे होईल तेव्हा तुमचे कॉलेजही संपलेले असेल. हट्ट तुमचा असतो, पण पहिला उत्साह ओसरला की फिरवणे, न्हाऊ घालणे, केस झाडणे हे सारे बहुधा आईच्या अंगावर पडते. आणि तीही थकली की एके दिवशी कुत्रा कोणाला तरी 'देऊन टाकला' जातो. त्या 'देऊन टाकण्या'चे दुःख त्याने कोणाला सांगावे? म्हणून हट्ट धरण्यापूर्वी एक परीक्षा स्वतःच द्या. पट्टा आधी आणा, कुत्रा मागाहून. तो रिकामा पट्टा हातात घेऊन एक महिना, पावसातही, रोज उजाडताना अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास चालून या. लोक हसतील, हसू द्या. महिनाभर एकही दिवस चुकला नाही, तर आईबाबांकडे खुशाल पिल्लू मागा. त्यांना नाही म्हणणे जड जाईल. आणि चुकला, तर एका मुक्या जिवाची साखळी तुमच्या हातून टळली, असे समजा.